गाडी मिसिंग मारतेय? इग्निशन कॉइल घरी कशी तपासायची आणि बदलायची

चढावर गाडी हिसके देते, सिग्नलला उभी असताना स्टिअरिंग थरथरतं, एसी लावला की इंजिन बंद पडेल असं वाटतं आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग मारतेय’. एखाद्या सिलिंडरमधलं इंधन पेटत नाहीये किंवा अधूनमधूनच पेटतंय. ते पेटवणारी ठिणगी स्पार्क प्लग पाडतो, आणि त्यासाठी लागणारी वीज त्याला इग्निशन कॉइल पुरवते. यावर पहिला सल्ला मिळतो तो ‘कॉइल गेली असेल, बदलून टाका’. बऱ्याचदा तो बरोबरही निघतो. पण तितक्याच वेळा नवी कोरी कॉइल बसवूनही मिसिंग जात नाही, कारण दोष झिजलेल्या प्लगचा, प्लगच्या विहिरीत (प्लग बसतो त्या खोल खड्ड्यात) उतरलेल्या ऑईलचा किंवा उंदराने कुरतडलेल्या वायरचा असतो. कॉइल बदलायला अर्धा तास पुरतो. कुठली बदलायची आणि ती का गेली हे शोधायलाच जास्त वेळ द्यावा लागतो, म्हणून या लेखाचा बराचसा भाग त्यावर आहे.

हे कोणत्या गाडीला लागू पडतं

फक्त पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांना. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, त्यामुळे कॉइलही नसते. जुन्या गाड्यांमध्ये एकच कॉइल आणि तिची वीज पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणारा डिस्ट्रिब्युटर असायचा, नंतर एका ठोकळ्यातून जाड वायरी प्रत्येक प्लगपर्यंत नेलेल्या असायच्या. गेल्या पंधरा वर्षांतल्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत मात्र प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते. १.२ लिटरची चार सिलिंडर स्विफ्ट, डिझायर, आय-१०, आय-२० अशा गाड्यांत चार प्लग आणि चार कॉइल. आपण हाच प्रकार धरून चालू. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवा: २००३ च्या सुमाराच्या होंडा सिटीतल्या आय-डीएसआय इंजिनाला प्रत्येक सिलिंडरमागे दोन प्लग आहेत. तिथे आठ प्लग, आठ कॉइल, आणि मागच्या चारपर्यंत हात पोचवताना घाम फुटतो. नवख्याने पहिला हात त्या गाडीवर साफ करू नये.

कॉइल मरते कशाने

कॉइल म्हणजे छोटा ट्रान्सफॉर्मर. बॅटरीचे १२ व्होल्ट आतल्या जाड तारेच्या वेटोळ्यात जातात, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, तो प्रवाह झटक्यात तोडतो आणि बारीक तारेच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. २० ते ४० हजार व्होल्ट हा नेहमीचा पल्ला. हा दाब प्लगच्या टोकाशी असलेली फट ओलांडतो आणि ठिणगी पडते.

प्लग झिजला की फट वाढते. फट वाढली की ठिणगीसाठी आणखी व्होल्ट लागतात. कॉइल ते द्यायचा प्रयत्न करते, आतलं इन्शुलेशन ताणलं जातं, आणि एक दिवस वीज प्लगची फट सोडून जवळची वाट धरते: रबरी बुटाला (कॉइलच्या खालच्या, प्लगवर बसणाऱ्या नळीला) भोक पाडून थेट इंजिनाच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या धातूच्या भागात. म्हणजे पुष्कळ कॉइल मुळात जुन्या प्लगमुळे जातात. अशा वेळी कॉइल नवी आणि प्लग तेच ठेवले, तर नवी कॉइलही त्याच वाटेने जाणार.

सीएनजी गाडीत हा ताण जास्त असतो. हवा आणि गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे कमजोर कॉइल किंवा प्लग आधी सीएनजीवर उघडे पडतात. पेट्रोलवर गाडी मऊ चालते आणि सीएनजीवर चढ लागला की हिसके देते, तर गॅस किटला दोष देण्याआधी ठिणगीकडे बघा.

आधी निदान

दिवा स्थिर असेल तर सावकाश घरी या. लुकलुकत असेल तर जोर देऊ नका, शक्यतो गाडी बाजूला घेऊन थांबवा. लुकलुकणं म्हणजे मिसिंग इतकं आहे की न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातंय. ते धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळू शकते. कन्व्हर्टरच्या किमतीत कॉइलचे कित्येक सेट येतील.

पहिलं काम ईसीयूने नोंदवलेले दोषाचे कोड वाचण्याचं. स्टिअरिंगखाली, गुडघ्यांच्या वर, १६ पिनांचं ओबीडी सॉकेट, म्हणजे गाडीचे दोष वाचायची जोडणी, असतं. त्यात साधा ब्लूटूथ स्कॅनर लावून फोनवरच्या अॅपमध्ये कोड दिसतात. पी०३०० म्हणजे मिसिंग आहे, पण कुठल्या एका सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरचं मिसिंग. पी०३५१ ते पी०३५४ हे त्या त्या कॉइलच्या विजेच्या सर्किटचे कोड. हे आले तर कॉइलइतकाच संशय वायरिंग आणि कनेक्टरवर घ्या. कोड कागदावर लिहून ठेवा, कारण बॅटरी काढल्यावर बहुतेक गाड्यांत ते पुसले जातात.

सिलिंडर साधारणपणे बेल्ट-पुलीच्या बाजूने मोजतात. पुलीजवळचा एक, गिअरबॉक्सकडचा चार. सगळ्या कंपन्या हा नियम पाळत नाहीत, तेव्हा आपल्या इंजिनाची खात्री करून घ्या.

आता सगळ्यात भरवशाची आणि फुकटातली तपासणी: अदलाबदल. समजा पी०३०३ आलाय. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून पहिल्यावर बसवा, पहिलीची तिसऱ्यावर. प्लग आहेत तिथेच राहू द्या. कोड पुसा, गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवा, पुन्हा वाचा. आता पी०३०१ आला, म्हणजे दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइल गेली. पी०३०३ च राहिला तर कॉइल निर्दोष आहे. मग तिसऱ्याचा प्लग दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगशी बदलून हाच खेळ पुन्हा करा. तरीही दोष तिसऱ्यावरच ठाण मांडून बसला तर इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग), वायरिंग किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब). त्याकडे शेवटी येऊ.

मल्टिमीटरने कॉइल मोजण्याचे व्हिडिओ भरपूर आहेत, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. दोन पिनांच्या कॉइलचं प्राथमिक वेटोळं मोजता येतं, रीडिंग साधारण एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी येतं. तीन किंवा चार पिनांच्या कॉइलमध्ये आत इलेक्ट्रॉनिक इग्नायटर असतो, तिथे असं मोजून काही कळत नाही. शिवाय गरम झाल्यावरच दगा देणारी कॉइल थंड असताना मीटरवर एकदम शहाण्यासारखी वागते.

आणि एक जुनी सवय सोडा: इंजिन चालू ठेवून एकेक कॉइल उपटून ‘कुठली मेली’ ते बघणं. हातात ४० हजार व्होल्टचा फटका बसू शकतो, आणि प्लगपासून सुटलेली कॉइल आतल्या आत ठिणग्या मारून खरोखरच मरते. पेसमेकर बसवलेल्या माणसाने तर चालू इंजिनाच्या इग्निशनजवळही जाऊ नये.

काय काय लागेल

१० मिमी सॉकेट, छोटं रॅचेट आणि सहा इंची एक्स्टेन्शन. काही गाड्यांत कॉइलचा बोल्ट ८ मिमीचा किंवा चांदणीच्या आकाराच्या खाचेचा असतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या काही इंजिनांत तर बोल्टच नसतो, कॉइल नुसती दाबून बसवलेली असते आणि ती सरळ वर ओढायला हुकासारखं खास हत्यार लागतं. प्लगसाठी आत रबर किंवा चुंबक असलेलं प्लग सॉकेट, बहुतेक ठिकाणी १६ मिमी, काही इंजिनांना १४. शिवाय टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळणारा), फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), चपटा स्क्रू ड्रायव्हर, लांब चोचीची पक्कड, विजेरी, धागे न सुटणारं फडकं आणि फुंकर मारायला ब्लोअर. नसेल तर सायकलचा पंपही चालतो. थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस, म्हणजे सिलिकॉनचं. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस किंवा व्हॅसलिन चालणार नाही. पेट्रोलियममुळे बुटाचं सिलिकॉन रबर फुगतं आणि सैल पडतं.

कॉइल घेताना नुसतं गाडीचं नाव सांगू नका. एकाच मॉडेलमध्ये वर्षानुसार इंजिन बदललेलं असतं. जुन्या कॉइलवरचा पार्ट नंबर किंवा गाडीचा चासी नंबर दुकानदाराला द्या. कंपनीचा अधिकृत पार्ट, नाहीतर बॉश, डेन्सो, एनजीके यांच्यासारख्या नावाजलेल्या उत्पादकाचा. निम्म्या किमतीचा, नाव-गाव नसलेला माल इथे घेऊ नये. आतलं इपॉक्सी आणि तार कशी आहे ते बाहेरून दिसत नाही, ते पहिल्या उन्हाळ्यातच कळतं.

एक बदलायची की चारही? चाळीस-पन्नास हजार किलोमीटरवर एकच गेली असेल तर एकच बदला. लाखापुढे गेलेल्या गाडीत वर्षभरात दुसरीही गेली, तर उरलेल्या दोघींचं वयही तेवढंच आहे. सेट घ्या आणि निघालेल्यांपैकी एक धडधाकट कॉइल फडक्यात गुंडाळून स्टेपनीशेजारी ठेवा. घाटात उपयोगी पडते.

काढताना

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, निदान दोन तास. प्लगलाही हात लावायचा असेल तर ही अट मोडू नका. हेड अॅल्युमिनियमचं असतं. गरम हेडमधून प्लग सोडवताना त्याबरोबर आटेही निघून येण्याचा धोका असतो, आणि मग काम शेकड्यातून हजारांत जातं. किल्ली काढून घ्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून बाजूला करा. नंतर घड्याळ आणि काचांची ऑटो सेटिंग पुन्हा लावावी लागेल, एवढंच.

इंजिनावरचं प्लास्टिकचं कव्हर सहसा नुसतं वर ओढलं की निघतं. काही इंजिनांवर एअर फिल्टरचा डबाच कॉइलच्या डोक्यावर बसलेला असतो. तो काढताना त्याला जोडलेला श्वासाचा बारीक पाइप आणि सेन्सरचा कनेक्टर आधी सोडवा. डबा निघाल्यावर इंजिनाकडे जाणारं उघडं तोंड स्वच्छ फडक्याने झाका. तिथे पडलेला बोल्ट थेट इंजिनात जाऊ शकतो. सगळं जोडलेलं असतानाचा एक फोटो काढून ठेवा.

कॉइलभोवती साचलेली धूळ-वाळू आधी फुंकून काढा. हे कंटाळवाणं वाटतं, पण कॉइल वर आली की तीच वाळू प्लगच्या विहिरीत पडते आणि प्लग सोडवल्यावर सिलिंडरमध्ये.

सगळ्यात जास्त मोडतोड होते ती कनेक्टरची. इंजिनाच्या उष्णतेने हे प्लास्टिक पापडासारखं कुरकुरीत झालेलं असतं. नीट बघा: काहींना आधी सरकवायचं लाल किंवा राखाडी कुलूप असतं, ते मिलिमीटरभर मागे घेतल्याशिवाय मुख्य खिट्टी दबतच नाही. खिट्टी दाबा, कनेक्टर क्षणभर कॉइलच्या दिशेने आत ढकला म्हणजे पकड सैल होते, आणि मग खिट्टी दाबून ठेवूनच मागे घ्या. वायर धरून ओढू नका. खिट्टी तुटली तर कनेक्टर बसल्यासारखा दिसतो, पण खड्ड्यांवर हलतो, आणि महिन्याभराने तेच मिसिंग पुन्हा.

बोल्ट काढला की कॉइल लगेच उपटायची नाही. बूट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीला चिकटलेला असतो. कॉइल धरून आधी डावीकडे, मग उजवीकडे जरा फिरवा. ‘चुप्’ असा आवाज होऊन ती सुटते. मग सरळ वर ओढा. तिरकी ओढली तर बूट फाटून अर्धा तुकडा खाली राहतो. राहिलाच तर लांब चोचीच्या पक्कडीने काढा, आणि आतली स्प्रिंग वर आली का तेही बघा.

एका वेळी एकच कॉइल काढायची, तिचं काम पुरं करून बसवायची, मग दुसरी. चारही एकदम काढल्या आणि वायरींना ढील असली तर कनेक्टरांची अदलाबदल होते, आणि गाडी सुरू न होता फटाके फोडते.

हातातल्या कॉइलकडे आणि विहिरीकडे नीट बघा

बुटाच्या लांबीवर पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी किंवा राखाडी रेघ दिसली, तर वीज तिथून पळत होती. टोकाला पांढुरकं भाजल्यासारखं टिपकं असेल तर तिथे भोक आहे. मात्र प्लगच्या चिनीमातीवर लोखंडी भागाजवळ दिसणारा तपकिरी डागाचा पट्टा बघून घाबरू नका. उच्च दाबाच्या विजेने हवेतले ऑईलचे कण चिकटून तो तयार होतो, गळतीचं लक्षण नाही.

बूट ऑईलने माखलेला निघाला तर कॉइल बदलून भागणार नाही. टॅपेट कव्हरची (हेडवरच्या झाकणाची) पॅकिंग किंवा प्लगच्या नळीचं सील गळतंय, आणि ऑईल रबर खातं. आधी ती पॅकिंग बदला. प्लग सोडवण्याआधी विहिरीतलं ऑईल फडक्याने टिपून काढा, नाहीतर ते सिलिंडरमध्ये उतरतं आणि गाडी काही वेळ निळा धूर सोडते.

विहिरीत पाणी किंवा गंजाचं कडं दिसलं तर कारण बहुधा वॉशिंग सेंटरवरचा प्रेशरचा फवारा. धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी किंवा मुसळधार पावसात पाण्यातून गेल्यावर सुरू झालेलं मिसिंग पुष्कळदा यामुळेच असतं; विहीर कोरडी करून कॉइल वाळवली की तेवढ्यावर भागतं. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट चूर्ण असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. वायरवर बारीक दातांच्या खुणा दिसल्या तर काय ते समजलंच.

प्लग

कॉइल निघालीच आहे, तर प्लग बघितल्याशिवाय ती परत बसवू नका. फट फीलर गेजने मोजा. पेट्रोल गाड्यांत साधारण १.० ते १.१ मिमी, सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत बहुधा ०.७ ते ०.८, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातला. इरिडियम प्लगची फट वाकवून बदलायला जाऊ नका, टोक फार नाजूक असतं.

नवा प्लग सॉकेटमध्ये घालून फक्त एक्स्टेन्शन बोटांत धरून फिरवा, रॅचेट लावू नका. दोन-तीन आटे सहज जायला हवेत. अडला तर मागे फिरवा. ‘टक्’ असं आटा बसल्याचं जाणवलं की पुन्हा पुढे. १४ मिमी आट्याच्या, वॉशर असलेल्या प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतो, १२ मिमीला १५ ते २०. टॉर्क पाना नसेल तर हाताने टेकल्यावर नव्या प्लगला अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. वापरलेल्याचा वॉशर आधीच दबलेला असतो, त्याला एक-बारांश पुरे. करकचून आवळणं हा पराक्रम नाही. आट्यांना तांब्याचं किंवा कुठलंही ग्रीस लावू नका. प्लग बनवणारेच नको म्हणतात, कारण आटे निसरडे झाले की तोच पाना प्लगला जास्त ताणतो. हातातून फरशीवर पडलेला प्लग वापरू नका, चिनीमातीला न दिसणारी चीर गेलेली असू शकते. कॉइललाही हाच नियम.

बसवताना

जुनी आणि नवी कॉइल शेजारी ठेवा. पिना तितक्याच, लांबी तीच, बोल्टचा कान त्याच कोनात, बुटात स्प्रिंग जागेवर. बुटाच्या तोंडाशी, आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात फिरवा, बोटाला चकाकी दिसेल इतकाच. स्प्रिंगवर किंवा कनेक्टरच्या पिनांवर थापू नका. ते ग्रीस वीज वाहून नेत नाही.

कॉइल सरळ खाली दाबा, प्लगवर बसल्याचा हलका ठोका हाताला जाणवतो. बोल्टचं भोक हेडच्या भोकाशी आपोआप जुळलं पाहिजे. बोल्टने ओढून कॉइल खाली आणायला गेलात तर कान मोडतो. बोल्ट हाताने लावून मग ८ ते १० न्यूटन-मीटर; म्हणजे छोट्या रॅचेटवर मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. कनेक्टर ‘टिक्’ वाजेपर्यंत आत, कुलूप सरकवा, आणि हलकेच मागे ओढून पाहा.

सुरू केल्यावर

बॅटरी जोडा, कोड पुसा, एसी बंद ठेवून दोन-तीन मिनिटं आयडलिंगवर राहू द्या. बॅटरी काढल्यामुळे सुरुवातीला आरपीएम थोडा वरखाली होईल, तेवढं चालतं. पण आरपीएम चढाच राहिला किंवा शिट्टीसारखा आवाज आला तर एअर फिल्टरचा पाइप किंवा श्वासाची नळी जोडायची राहिलीय. थरथर आधीपेक्षा वाढली असेल तर एखादा कनेक्टर अर्धवट आहे.

नुसतं उभ्या गाडीवर समाधान मानू नका. कमजोर ठिणगी लोडखाली उघडी पडते. एसी लावून, तिसऱ्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर एखादा चढ घ्या. सीएनजी गाडी असेल तर आधी पेट्रोलवर, मग गॅसवर. परत येऊन कोड पुन्हा वाचा.

कोड त्याच सिलिंडरवर ठाम असेल तर कॉइलचा कनेक्टर काढून, किल्ली ऑन करून, सप्लायच्या पिनवर मल्टिमीटरने १२ व्होल्टच्या आसपास येतात का बघा. काही गाड्यांत किल्ली ऑन केल्यावर रिले दोन सेकंदच चालू राहतो, तेव्हा दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगून लगेच रीडिंग घ्या. सप्लाय येत नसेल तर फ्यूज आणि त्या कॉइलकडे जाणारी वायर तपासा. सप्लाय नीट असेल तर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाशी धरा, इंजिन चालू असताना; बेल्ट आणि पंख्यापासून हात व ओढणी-बाह्या दूर ठेवून. बाकीच्या तिघांची टकटक ऐकू येते आणि त्याचीच नाही, तर दोष इंजेक्टरकडे. टकटकही नीट असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट करावी लागेल, आणि तिथे गाडी मेकॅनिककडे न्या. जाताना लिहून ठेवलेले कोड, आणि कुठली कॉइल व कुठला प्लग कुठे बदलून पाहिला याची नोंद बरोबर असू द्या, म्हणजे तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणार नाही.